मिनामाताच्या गाळाने काय सांगितलं, काय नाही सांगितलं

१९५९च्या फेब्रुवारीत कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी जपानमधल्या मिनामाता उपसागराच्या तळाचा गाळ काढून त्यातला पारा मोजला. चिस्सो या रसायनं बनवणाऱ्या कंपनीच्या सांडपाण्याचा नाला ह्याक्केन बंदरात जिथे समुद्राला मिळत होता, तिथे आकडा आला २,०१० पीपीएम. पीपीएम म्हणजे दशलक्षात एक भाग. गाळाच्या भाषेत एका टनात एक ग्रॅम. म्हणजे त्या नाल्याच्या तोंडाशी टनभर गाळात दोन किलो पारा पडून होता. एवढा पारा असलेली माती खाण म्हणूनही परवडली असती, आणि कंपनीने पुढे त्या गाळातून पारा काढून विकण्याचा उद्योग केलाही.

मिनामाताची गोष्ट, म्हणजे कारखान्याच्या पाऱ्याने विषारी झालेले मासे खाऊन लोक आजारी पडल्याची गोष्ट, बहुतेकांना माणसांकडून माहीत असते: वाकडी झालेली बोटं, नाचत मरणारी मांजरं, जन्मतःच आजार घेऊन आलेली मुलं. इथे ती गाळाच्या बाजूने मांडतो आहे. कारण या एका उपसागराचा तळ तीन वेगवेगळ्या काळांत, तीन वेगवेगळ्या प्रश्नांसाठी मोजला गेला, आणि दर वेळी ‘किती पारा आहे’ या वरवर सारख्या दिसणाऱ्या मोजणीचा अर्थ बदलला. गाळातले जड धातू मोजणाऱ्या कुणालाही यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

प्रकरणाची पार्श्वभूमी

मिनामाता हे जपानच्या क्युशू बेटावरचं, कुमामोतो प्रांतातलं गाव. समोर शिरानुई समुद्र; त्याला यात्सुशिरो समुद्रही म्हणतात. बेटांनी चहूकडून वेढलेला, बऱ्यापैकी बंदिस्त. चिस्सोचा कारखाना १९०८पासून तिथे होता. १९३२मध्ये त्यात अॅसिटाल्डिहाइडचं उत्पादन सुरू झालं. या प्रक्रियेत पाऱ्याचं सल्फेट उत्प्रेरक म्हणून वापरत. उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही असं आपण पाठ्यपुस्तकात शिकतो. प्रत्यक्षात त्यातला काही भाग सांडपाण्याबरोबर जातोच, आणि त्याहून वाईट म्हणजे याच भट्टीत थोडा पारा मिथाइल पाऱ्यात, म्हणजे कार्बनशी जोडलेल्या सेंद्रिय पाऱ्यात, बदलत होता.

१ मे १९५६ रोजी कारखान्याच्याच रुग्णालयाने स्थानिक आरोग्य कार्यालयाला कळवलं की मज्जासंस्थेचा कारण न कळणारा आजार झालेले रुग्ण येत आहेत. हा दिवस मिनामाता रोगाची अधिकृत नोंद झाल्याचा दिवस मानतात. त्याच वर्षाच्या अखेरीस कुमामोतोच्या गटाने निदान इतकं सांगितलं, की हा संसर्ग नाही, कुठल्याशा जड धातूची विषबाधा आहे आणि ती मासे-शिंपल्यांतून येते आहे.

कुठला धातू, हे ठरायला मात्र जवळजवळ तीन वर्षं लागली. आधी मँगनीजवर संशय गेला, मग सेलेनियमवर, मग थॅलियमवर. आज हे वाचून हसू येतं, येऊ नये. अडचण अशी होती की उपसागराच्या तळाशी शोधाल तो धातू सापडत होता. मँगनीज होतं, सेलेनियम होतं, थॅलियम होतं, शिसं, तांबं, आर्सेनिक, सगळंच होतं. कारखाना अनेक रसायनं बनवत होता आणि सगळ्यांचा मळ एकाच नाल्यातून जात होता. गाळात एखादा धातू सापडला म्हणजे तोच गुन्हेगार, असा तर्क इथे चालणार नव्हता. उमेदवार जास्त आणि पुरावा प्रत्येकाविरुद्ध सारखाच, अशी अवस्था.

कोडं सुटलं ते गाळावरून नाही, रुग्णांवरून. दृष्टीचा परीघ आक्रसणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं, हातपाय बधिर होणं, ही लक्षणं एकत्र दिसतात ती सेंद्रिय पाऱ्याच्या विषबाधेत. इंग्लंडमधल्या कारखान्यातल्या कामगारांवरून हंटर, बॉमफर्ड आणि रसेल यांनी १९४०मध्ये तसं वर्णन करून ठेवलेलं होतं. ब्रिटिश मज्जातज्ज्ञ डग्लस मॅकआल्पाइन १९५८मध्ये मिनामाताला येऊन गेले आणि त्यांनी या साम्याकडे बोट दाखवलं. कुमामोतोच्या विकृतिशास्त्रज्ञांना मृतांच्या मेंदूतही तेच चित्र दिसत होतं. त्यानंतर गाळ पुन्हा मोजायला घेतला, पण आता प्रश्न नेमका होता: पारा आहे का, आणि असेल तर तो कुठून कुठे कमी होत जातो?

पहिली मोजणी: कोणी सोडला?

त्या काळी पारा मोजायची पद्धत डिथिझोनची. गाळ आम्लात पचवायचा, द्रावणात डिथिझोन घालायचं, पाऱ्याबरोबर त्याचा रंग बदलतो, रंगाच्या गडदपणावरून प्रमाण काढायचं. वेळखाऊ आणि हाताच्या सफाईवर अवलंबून असलेलं काम. अगदी कमी प्रमाणात ती अडखळते. पण इथे प्रमाण कमी नव्हतंच.

२,०१० हा आकडा धक्कादायक असला तरी एकटा तो फारसं काही सिद्ध करत नाही. नाल्याच्या तोंडाशी जुनं काही सांडलं असेल, कुणी काही बुडवलं असेल, असं म्हणायला जागा राहते. खरं काम केलं ते नकाशाने. ह्याक्केनच्या नाल्यापाशी सर्वाधिक, आणि तिथून समुद्राकडे जाल तसतसा पारा उतरत जातो, हे नमुन्यांच्या मालिकेतून दिसलं. उताराचा वरचा टोक कारखान्याच्या दारात होता. जिथून सुटला तिथे जास्त, लांब जावं तसं कमी: स्रोत शोधण्यासाठी गाळाइतकं भरवशाचं दुसरं साधन नाही.

यातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती सहसा निसटते. सप्टेंबर १९५८मध्ये कंपनीने गाजावाजा न करता सांडपाण्याचा मार्ग बदलला होता. ह्याक्केनऐवजी पाणी मिनामाता नदीच्या मुखाकडे सोडायला सुरुवात केली होती. म्हणजे फेब्रुवारी १९५९मध्ये संशोधक नमुने घेत होते तेव्हा अॅसिटाल्डिहाइडचं सांडपाणी ह्याक्केनला येतच नव्हतं. त्यांनी तिथलं पाणी तपासलं असतं तर हाती फारसं काही लागलं नसतं. गाळाने मात्र जुना हिशेब सोडला नाही. पाणी म्हणजे आजचा गल्ला. गाळ म्हणजे वर्षानुवर्षांची खतावणी. मार्ग बदलल्यावर नदीच्या मुखाजवळच्या वस्तीत नवे रुग्ण दिसू लागले, हा याच गोष्टीचा दुसरा आणि भयंकर पुरावा. शासनाने नंतर मार्ग पूर्ववत करायला लावला.

पारा पाण्यातून तळाशी जातो तो असा: सांडपाण्यातला पारा सुटा फार वेळ राहत नाही, मातीच्या बारीक कणांना, सेंद्रिय मळाला, लोह-मँगनीजच्या पुटांना चिकटतो आणि त्यांच्याबरोबर खाली बसतो. तळात प्राणवायू संपला की तिथले जिवाणू सल्फेटपासून सल्फाइड बनवतात आणि पारा गंधकाशी घट्ट बांधला जातो. हेच जिवाणू त्यातल्या थोड्या पाऱ्याला मिथाइल गटही जोडून देतात. हा मिथाइल पारा शिंपल्यात, किड्यात, खेकड्यात शिरतो आणि तिथून माशात साठत जातो. कारखान्यातून मिथाइल पारा थेट येत होता तो वेगळाच.

गाळाच्या पहिल्या मोजणीची मर्यादा नेमकी इथे होती. मोजला गेला होता एकूण पारा. कंपनीचं म्हणणं तयार होतं: आम्ही वापरतो तो अकार्बनी पारा, तुमच्या रुग्णांना झाली ती सेंद्रिय पाऱ्याची बाधा, मग आमचा संबंध काय? गाळातल्या एकूण पाऱ्याच्या आकड्यात याचं उत्तर नव्हतं. या फटीत बाकीचे सिद्धांत शिरले. कुणी म्हणालं युद्धानंतर समुद्रात बुडवलेली स्फोटकं, कुणी म्हणालं सडलेल्या माशातली अमाइनं. कारखान्याच्या रुग्णालयाचे प्रमुख हाजिमे होसोकावा यांनी ऑक्टोबर १९५९मध्ये कारखान्याचं सांडपाणी खाऊ घातलेल्या मांजराला, म्हणजे प्रयोगातल्या ‘४०० क्रमांकाच्या’ मांजराला, तोच आजार होताना पाहिलं. कंपनीने तो निष्कर्ष बाहेर येऊ दिला नाही. १२ नोव्हेंबर १९५९ला आरोग्य मंत्रालयाच्या समितीने ‘कुठलंसं सेंद्रिय पाऱ्याचं संयुग’ हे कारण म्हणून नोंदवलं. स्रोताचं नाव घेतलं नाही, आणि समिती लगोलग विसर्जित झाली.

ही फट कुमामोतोच्याच इरुकायामा यांनी भरून काढली. अॅसिटाल्डिहाइडच्या प्रक्रियेतल्या मळातून त्यांनी मिथाइल पाऱ्याचं क्लोराइड वेगळं करून दाखवलं. १९६३पर्यंत ते जाहीर झालं. तरीही उत्पादन थांबलं १८ मे १९६८ला, आणि जपान सरकारने कारण अधिकृतपणे मान्य केलं २६ सप्टेंबर १९६८ला. दरम्यान १९६० साली, म्हणजे दोन हजार पीपीएमचा आकडा हाती आल्यानंतरच्या वर्षी, कारखान्याने अॅसिटाल्डिहाइडचं आजवरचं सर्वाधिक उत्पादन केलं: ४५ हजार टन. मोजणी झाली म्हणजे कृती होते, अशी समजूत असणाऱ्यांनी ही तारीख भिंतीवर लावावी.

दुसरी मोजणी: किती काढायचा?

सत्तरच्या दशकात प्रश्न बदलला. कोणी सोडला हे आता न्यायालयातही ठरलं होतं. पण उपसागराच्या तळाशी पारा तसाच होता आणि मासे त्यावरच चरत होते. समुद्रात गेलेल्या एकूण पाऱ्याचे अंदाज ७० ते १५० टन किंवा त्याहून अधिक असे आहेत. आता हवी होती सीमारेषा: यापेक्षा जास्त पारा असलेला गाळ उचलायचा, कमी असलेला राहू द्यायचा.

१९७३मध्ये जपानने पारायुक्त गाळासाठी तात्पुरती मर्यादा ठरवली. नद्या आणि तलावांसाठी सरळ २५ पीपीएम. समुद्रासाठी मात्र एक सूत्र दिलं, आणि ते सूत्र उलगडून पाहण्यासारखं आहे. मर्यादा = ०.१८ × (भरती-ओहोटीतला सरासरी फरक ÷ गाळातून पारा विरघळण्याचा दर) × (१ ÷ सुरक्षा गुणक). फरक मीटरमध्ये घ्यायचा. सुरक्षा गुणक तीनपैकी एक: जिथे मासेमारी होतच नाही तिथे १०, मासेमारी होते पण तळाशी चरणाऱ्या जाती एकूण मासळीच्या निम्म्यापर्यंतच आहेत तिथे ५०, निम्म्याहून जास्त आहेत तिथे १००. तळाशी चरणाऱ्या म्हणून सूत्रात नावं आहेत ती कोळंबी, खेकडे, समुद्रकाकडी, बोय, गोगलगायी अशी. कोकणातल्या कुठल्याही खाडीवरच्या माणसाला ही यादी ओळखीची वाटेल.

सूत्रात रसायनशास्त्र आहे तितकाच निवाडाही आहे. भरती-ओहोटीचा फरक जास्त तर मर्यादा सैल. कारण पाणी जास्त हलतं, विरघळलेला पारा लवकर पातळ होतो. याचा दुसरा अर्थ असा, की पारा बाहेरच्या समुद्रात गेला तर चालेल हे सूत्राने गृहीत धरलं. विरघळण्याचा दर प्रयोगशाळेत गाळ पाण्यात हलवून काढतात. पण माशापर्यंत जाणारा पारा फक्त पाण्यात विरघळून जात नाही, गाळ खाणाऱ्या किड्यामार्फतही जातो. ती उणीव झाकायला सुरक्षा गुणक आहे. दहा, पन्नास, शंभर हे गोल आकडे स्वतःच सांगतात की इथे माणसांनी बसून ठरवलेलं आहे. मला यात वावगं वाटत नाही. कुठेतरी रेघ मारावीच लागते. मात्र ती निसर्गाने मारली असा आव आणू नये. नियमाच्या नावातला ‘तात्पुरती’ हा शब्द प्रामाणिक आहे.

मिनामातासाठी रेघ ठरली २५ पीपीएम, कोरड्या वजनावर.

‘कोरड्या वजनावर’ हे शब्द अहवालात लोक घाईने वाचून पुढे जातात. खाडीचा मऊ गाळ वजनाने साठ टक्के पाणी असू शकतो. अशा ओल्या गाळात १० पीपीएम पारा निघाला, तर कोरड्या गाळावर तो १० भागिले ०.४, म्हणजे बरोबर २५. ओलं की सुकं हे न लिहिलेला आकडा घेऊन कुणी आलं, तर तोच गाळ उचलावाही लागतो आणि राहूही देता येतो. त्यात पाऱ्याचा आणखी एक नखरा आहे. शिसं किंवा तांबं मोजायचं असेल तर गाळ १०५ अंशांवर भट्टीत खुशाल वाळवा. पाऱ्याच्या बाबतीत तसं केलं तर काही पारा हवेत उडून जाईल आणि आकडा उगाच चांगला येईल. म्हणून नमुन्याचे दोन भाग करायचे: एक भट्टीत वाळवून फक्त ओलावा काढायचा, दुसरा ओला किंवा कमी तापमानावर सुकवून पाऱ्यासाठी वापरायचा, आणि शेवटी हिशेबाने कोरड्या वजनावर आणायचा.

सत्तरच्या दशकापर्यंत डिथिझोनची जागा शीतबाष्प पद्धतीने घेतली होती. नमुना नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात, परमँगनेट घालून पचवतात; मग टिनच्या क्लोराइडने सगळा पारा मूलद्रव्याच्या रूपात आणतात. खोलीच्या तापमानालाच त्याची वाफ होते. ती हवेच्या झोतात काचेच्या नळीत नेऊन २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश ती किती शोषते ते पाहतात. यंत्र साधं, पण विलक्षण तिखट: पाण्यातही अब्जांश भागापर्यंत पोचतं. चूक यंत्रात क्वचितच होते. ती होते त्याआधी, होडीवर.

होडीवर काय होतं ते थोडं जवळून पाहू. दोन जबड्यांचा पंजा तळावर सोडला की तो वरचा थर चावून आणतो. मात्र वर येताना फटीतून पाणी निथळतं आणि त्याबरोबर सगळ्यात बारीक, म्हणजे धातू सगळ्यात जास्त धरून ठेवणारा मळ वाहून जातो. म्हणून काळजीपूर्वक काम करायचं तर पोकळ नळी तळात दाबून गाभा काढतात. पारदर्शक नळीतला तो गाभा पाहण्यासारखा असतो. वर काही मिलिमीटरचा तपकिरी, प्राणवायूचा थर. त्याखाली लगेच काळाकुट्ट, सल्फाइडचा. नळी उघडली की सडक्या अंड्याचा वास येतो. आणखी खाली गेलं की काळा फिका पडत करडा होतो, चिकण होतो. नळीच्या भिंतीला घासलेला गाळ वरून खाली ओढला गेलेला असतो, म्हणून तो कडेचा भाग टाकून देऊन मधलाच घ्यायचा, प्लॅस्टिकच्या चमच्याने. मग सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या चकत्या करून एकेक वेगळी मोजायची. पारा खोलवर कुठे संपतो ते या चकत्या सांगतात, आणि कारखाना येण्याच्या आधीचा समुद्र कसा होता तेही खालच्या चकत्याच सांगतात.

खोलीशिवाय उपशाचा हिशेब होतच नाही. मिनामातात २५ पीपीएमच्या वरचा गाळ निघाला १५ लाख १० हजार घनमीटर, सुमारे २०९ हेक्टर क्षेत्रावर. भागाकार केला तर सरासरी जाडी पाऊण मीटरच्या आत येते. सगळीकडे तेवढीच अर्थात नसणार. एक ढोबळ हिशेब करून पाहतो: घनमीटरभर ओल्या गाळात अर्धा टन कोरडा माल धरला आणि सगळा गाळ काठावरचा, म्हणजे जेमतेम २५ पीपीएमचा आहे असं मानलं, तरी त्यात १९ टन पारा होतो. खरा आकडा याहून बराच वर असणार, कारण नाल्याजवळचा गाळ काठावरचा नव्हता. समुद्रात गेलेल्या एकूण पाऱ्याच्या अंदाजाशी हे जुळतं. स्वतंत्र वाटेने आलेले दोन आकडे एकमेकांना भेटतात का, हे पाहण्याची सवय मोजणाऱ्याला असावी.

उपसा

काम ऑक्टोबर १९७७मध्ये सुरू झालं आणि लगेच थांबलं. रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली: बसलेला गाळ ढवळलात तर पारा पुन्हा पसरेल. ही भीती अडाणीपणाची नव्हती. सल्फाइडमध्ये बांधलेला पारा प्राणवायू असलेल्या पाण्यात आणला तर त्यातला काही सुटू शकतो, हे रसायनशास्त्रही सांगतं. एप्रिल १९८०मध्ये न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि त्या जूनमध्ये काम पुन्हा सुरू झालं. ते संपलं मार्च १९९०मध्ये.

पद्धत अशी होती: उपसागराचा आतला, सर्वाधिक दूषित भाग पोलादी भिंतीने बंद करायचा, बाहेरचा गाळ ढवळणारी पाती न लावता नुसत्या शोषणाने खेचून त्या बंदिस्त भागात आणायचा, वर आच्छादन, त्यावर ज्वालामुखीच्या राखेची हलकी माती, आणि त्यावर डोंगराची माती. ७ लाख ८४ हजार घनमीटर गाळ असा हलवला गेला. उरलेला जिथे होता तिथेच गाडला गेला. ५८ हेक्टर नवी जमीन तयार झाली. खर्च सुमारे ४,८५० कोटी येन. त्यातला मोठा वाटा चिस्सोचा. उपसागराच्या तोंडाशी १९७४पासून जाळं लावलेलं होतं, आतला मासा बाहेर जाऊ नये म्हणून. आत पकडलेले दूषित मासे पिंपांत भरून त्याच भरावात पुरले.

१९८७मध्ये, गाळ उपसून झाल्यावर पण भरावाचं काम अजून चालू असताना, ८४ ठिकाणचा गाळ पुन्हा मोजला. सर्वाधिक १२ पीपीएम, सर्वांत कमी ०.०६, सरासरी ५. रेघेच्या खाली सगळं. काम फत्ते, असं कागदावर म्हणता येईल.

पाच म्हणजे किती?

सरासरी पाच पीपीएम म्हणजे स्वच्छ की घाण? ते ठरतं कशाच्या तुलनेत यावर.

गाळाच्या अभ्यासात म्युलर यांचा १९६९चा भू-संचय निर्देशांक सर्रास वापरतात. मोजलेला आकडा घ्यायचा, नैसर्गिक पातळीच्या दीडपटीने भागायचा आणि दोनच्या पायावरचा लॉगरिदम काढायचा. शून्याखाली आला तर गाळ स्वच्छ, पाचच्या वर गेला तर अतिदूषित. आता नैसर्गिक पातळी कुठली? बहुतेक शोधनिबंध डोळे मिटून टुरेकियन आणि वेडेपोल यांच्या १९६१च्या तक्त्यातला सरासरी शेल, म्हणजे चिखल दबून झालेला खडक घेतात. त्यात पारा ०.४ पीपीएम. त्या मापाने मिनामाताची सरासरी: ५ भागिले ०.६, लॉग घेतला की ३.१. ‘बराच दूषित’. पण त्याच उपसागरात ०.०६ असलेलीही जागा सापडली होती. ती स्थानिक नैसर्गिक पातळी धरली तर: ५ भागिले ०.०९, लॉग ५.८. ‘अतिदूषित’, तक्त्यातली शेवटची पायरी. गाळ तोच, मोजणी तीच; भाजक बदलला की शेरा दोन पायऱ्यांनी बदलला.

आपल्याकडे हे उलट्या दिशेने घडू शकतं. ठाणे खाडी, उल्हास, सावित्री, वाशिष्ठी यांच्यात येणारी माती बेसॉल्टच्या झिजेची. त्याच १९६१च्या तक्त्यात शेलमध्ये तांबं ४५ पीपीएम, बेसॉल्टमध्ये ८७. कोकणातल्या एखाद्या निर्मळ खाडीत ८५ पीपीएम तांबं निघालं आणि ते शेलशी ताडलं, तर सह्याद्रीलाच प्रदूषक ठरवल्यासारखं होईल. म्हणून आधी त्याच खाडीच्या गाभ्यातला खोलचा, कारखान्यांपूर्वीचा थर मोजावा. आणि बारीक-जाड कणांचा फरक पुसण्यासाठी धातूला अॅल्युमिनियमने भागून पाहावं. त्याला थोडे पैसे जास्त लागतात, इतकंच.

दुसरी फूटपट्टी जीवांची. लाँग आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये अमेरिकेतल्या माहितीवरून समुद्री गाळासाठी दोन पातळ्या काढल्या: पाऱ्यासाठी ०.१५च्या खाली अपाय क्वचित, ०.७१च्या वर वारंवार. मिनामाताची उपशानंतरची सरासरी वरच्या पातळीच्या सातपट, आणि उपशाची रेघ, २५, पस्तीसपट. या मापाने पाहिलं तर मिनामाताचा तळ कधीच सुटणार नाही.

आणि तरीही मासे सुधारले. माशांसाठी जपानची मर्यादा एकूण पारा ०.४ आणि मिथाइल पारा ०.३ पीपीएम. सलग तीन वर्षं सगळ्या तपासलेल्या जाती त्याखाली आल्यावर २९ जुलै १९९७ला प्रांताच्या राज्यपालांनी उपसागर सुरक्षित असल्याचं जाहीर केलं आणि जाळं काढलं गेलं. गाळ एका मापाने ‘अतिदूषित’, मासे खाण्यायोग्य. यात विसंगती वाटते ती एकूण पाऱ्याच्या आकड्याकडून नको ती अपेक्षा केल्यामुळे. गाळातला मिथाइल पारा एकूण पाऱ्याच्या बहुधा एका टक्क्याच्याही आत असतो. बाकीचा पारा किती सहज सुटेल हे तो कशाशी बांधलेला आहे यावर ठरतं. मिथाइल पारा थेट सोडणारा नाला १९६८मध्ये बंद झाला होता, सर्वाधिक दूषित गाळ मातीखाली गेला होता. उरलेला पारा होता, पण माशाच्या आवाक्यात कमी होता.

माझं मत विचाराल तर २५ ही रेघ गाळाच्या दृष्टीने सैल होती आणि त्या वेळच्या त्या जागेसाठी कामाची होती. हीच रेघ उचलून दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या खाडीला ‘आंतरराष्ट्रीय मानक’ म्हणून लावलेली दिसते तेव्हा मात्र चीड येते. तिच्यामागे एका विशिष्ट उपसागराचा हिशेब होता: तिथली भरती, तिथला गाळ, तिथली मासळी.

तिसरा प्रश्न

भरावाच्या जागी आता बाग आहे, खेळाची मैदानं आहेत, स्मारक आहे. त्याखाली २५ पीपीएमच्या वरचा सगळा गाळ आहे. पारा नष्ट करण्याची प्रक्रिया तिथे झालेली नाही. तो एका जागी गोळा करून झाकला आहे. त्याला धरून ठेवणारी भिंत पोलादाची आहे आणि समुद्राचं पाणी पोलाद खातं. एप्रिल २०१६च्या कुमामोतो भूकंपानंतर हा विषय पुन्हा चर्चेत आला.

आता गाळ मोजून फारसं कळणार नाही. आत काय आहे ते माहीतच आहे. आता मोजायचं ते भिंतीच्या बाहेर: भूजलातला विरघळलेला पारा, भिंतीलगतच्या समुद्राचं पाणी, बाहेरच्या तळाचा वरचा सेंटिमीटरभर थर, आणि भिंतीच्या पत्र्याची उरलेली जाडी. इथे दोन हजार किंवा पंचवीस असले आकडे येणार नाहीत. शोधायची आहे ती पाण्यातली नॅनोग्रॅमची वाढ, आणि तिच्यासाठी बाटली धुण्यापासून ते प्रयोगशाळेतल्या हवेपर्यंत सगळीच शिस्त वेगळी लागते. डिथिझोनने पकडता आला तो पारा १९५९चा होता. गळती सुरू झालीच, तर ती त्याच्या लाखो पटींनी खालच्या पातळीवर पहिल्यांदा दिसेल.